आवाजाचं बिऱ्हाड

जुन्या कॉम्प्युटरचा आवाज गेला की दुरुस्तीला बसलेला माणूस ठरावीक प्रश्न विचारतो. स्पीकरची पिन हिरव्या भोकातच आहे ना? खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर म्यूटची खूण नाही ना? डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं काही दिसतंय? बायोसमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ कुणी बंद केलाय का? आणि शेवटी, थोड्या पडलेल्या आवाजात, मदरबोर्डची सीडी आहे का घरात?

हे प्रश्न एका दमात विचारले जातात, पण ते एका काळातले नाहीत. प्रत्येकामागे कुठल्यातरी वर्षी, कुणीतरी, बहुतेक वेळा चार पैसे वाचवायला घेतलेला एकेक निर्णय आहे. सगळ्यांच्या मुळाशी गोष्ट एकच : पीसीचं घर बांधणाऱ्यांनी आवाजासाठी खोलीच काढली नव्हती. तो आला तो बिऱ्हाडकरू म्हणून आणि चाळीस वर्षं खोल्याच बदलत राहिला.

आयबीएमने आपला पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला. त्यात स्पीकर होता, पण तो गाण्याबजावण्यासाठी नव्हे, तर मशीनला काही दुखलंखुपलं तर कळावं म्हणून. त्याचा सगळा कारभार इंटेलच्या ८२५३ या टायमर चिपकडे. या चिपमध्ये तीन मोजणीदार. पहिला कॉम्प्युटरचं घड्याळ चालवी, दुसऱ्याच्या इशाऱ्यावर मेमरी दर थोड्या वेळाने ताजी केली जाई, तिसरा उरला तो स्पीकरला दिला. टायमरला सेकंदाला ११,९३,१८२ ठोके मिळत. प्रोग्रामने एक आकडा द्यायचा. तेवढे ठोके मोजून झाले की एक लहर पुरी. तबला-पेटीवाल्यांच्या ओळखीचा ४४० हर्ट्‌झचा सूर हवा असेल तर आकडा २,७१२. एका वेळी एकच सूर, तोही चौकोनी लहरीचा, कर्कश. आवाज लहानमोठा करायची सोय नाही. एक तर चालू, नाही तर बंद.

पण या गरीब व्यवस्थेत एक सुख होतं. ड्रायव्हर नावाची भानगड नव्हती. टायमर कुठे आहे आणि स्पीकरचा दरवाजा कुठल्या पोर्टवर उघडतो हे आयबीएमने छापून दिलं होतं, आणि ते सगळ्या मशीनांत सारखंच. म्हणून जुना पीसी सुरू होताना ‘टुक’ असा एक छोटा बीप देतो तो विंडोज पूर्ण उडालेलं असलं तरी येतो. बीप येतोय आणि गाणं वाजत नाही, यात काहीच विसंगती नाही. त्या दोघांचे रस्ते पहिल्यापासून वेगळे आहेत.

त्या एका चौकोनी लहरीतून माणसाचा आवाज काढण्याचे उद्योगही झाले. स्पीकर अतिशय वेगाने उघडबंद करून बोलणं ऐकवणारे गेम १९८०च्या दशकाच्या अखेरीला आले. कोव्हॉक्स कंपनीने प्रिंटरच्या पोर्टला लावायचा ‘स्पीच थिंग’ नावाचा डबा काढला; आत रेझिस्टरची शिडी आणि फारसं काही नाही. पॉलिटेक्निकची पोरं बाजारातून रेझिस्टर आणून तसला डबा घरी बनवू शकतील इतकं ते सोपं होतं. गमतीचा भाग सोडला तर यातून पुढे वंश वाढला नाही.

वंश वाढला तो कॅनडातून. क्वेबेक शहरातल्या लाव्हाल विद्यापीठातले संगीताचे माजी प्राध्यापक मार्टिन प्रेव्हेल यांच्या ॲडलिब कंपनीने १९८७ मध्ये पीसीच्या खाचेत बसणारं एक कार्ड आणलं. त्यावरचा जीव म्हणजे यामाहाची वायएम ३८१२ ही चिप. एका वेळी नऊ सूर, आणि तेही एफएम पद्धतीने घडवलेले. एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या हलवायची आणि त्यातून घंटा, बासरी, पितळी वाद्यं उभी करायची, ही युक्ती स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये सापडली होती. विद्यापीठाने ती यामाहाला दिली, यामाहाने तिच्यावर १९८३ मध्ये डीएक्स-७ हा कीबोर्ड काढला, आणि त्याच घराण्यातली एक स्वस्त चिप ॲडलिबच्या कार्डावर येऊन बसली. सिएरा कंपनीच्या ‘किंग्ज क्वेस्ट ४’ या गेमने १९८८ मध्ये ॲडलिबसाठी संगीत दिलं, आणि पीसीवर गेम खेळणाऱ्यांना कळलं की आपण आजवर बहिऱ्यासारखे खेळत होतो.

ॲडलिबला बोलता मात्र येत नव्हतं. ती उणीव सिंगापूरच्या सिम वाँग हू यांनी भरून काढली. १९८१ मध्ये त्यांनी आणि त्यांचे मित्र नग काई वा यांनी तिथल्या चायनाटाउनमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं होतं. क्रिएटिव्ह नावाची कंपनी वाढली ती त्या दुकानातून. त्यांची पहिली ध्वनिकार्डं पडली. मग १९८९ मध्ये आलं साउंड ब्लास्टर. सिम यांनी प्रतिस्पर्ध्याची चूक काढत बसण्यापेक्षा त्याचंच सगळं उचललं : तीच यामाहाची चिप, म्हणजे ॲडलिबसाठी लिहिलेला प्रत्येक गेम इथेही वाजणार. वर रेकॉर्ड केलेला आवाज वाजवण्याची सोय, ८ बिटांची आणि एकेरी, आणि जॉयस्टिकचं पोर्ट. तेव्हा जॉयस्टिकसाठी वेगळं कार्ड घ्यावं लागे, ते पैसे वाचले. मला वाटतं, लोकांनी साउंड ब्लास्टर घेतलं त्यात या जॉयस्टिकच्या पोर्टाचा वाटा आवाजाएवढाच असावा. ॲडलिब १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

आवाजाच्या दुरुस्तीचं शास्त्र सुरू होतं ते या कार्डापासून. त्या काळातल्या मशीनच्या, सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये एक ओळ असे : सेट ब्लास्टर, बरोबरचं चिन्ह, मग ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६. मंत्रासारखी ती पाठ असलेली माणसं अजून भेटतात. ‘ए’ म्हणजे कार्डाचा पत्ता. ‘डी’ म्हणजे डीएमएची वाहिनी. या वाटेने कार्ड प्रोसेसरला न विचारता मेमरीतून आवाजाचा तुकडा स्वतःच ओढून घेई. तुकडा संपला की ‘पुढचा द्या’ म्हणून प्रोसेसरला हाक मारायची, ती आयआरक्यूच्या तारेवरून. ओळीतला ‘आय’ तो. ‘एच’ १६ बिटी आवाजाची डीएमए वाहिनी, ‘पी’ मिडीचा पत्ता आणि ‘टी’ कार्डाचा प्रकार. ६ म्हणजे १९९२चं साउंड ब्लास्टर १६.

हे समजलं की रोग लक्षणांवरून ओळखता येई. पत्ता चुकला असेल तर गेम सांगे, कार्ड सापडत नाही. डीएमए चुकली तर शांतता किंवा खरखर. आयआरक्यू चुकला तर फार चमत्कारिक : पहिला तुकडा नीट वाजायचा आणि मग एक तर तोच तुकडा पुन्हा पुन्हा, नाही तर कायमची चुप्पी. कार्ड ‘पुढचा द्या’ म्हणून ओरडतंय, पण ज्या तारेवर ओरडतंय तिथे गेमचं लक्षच नाही. सुरुवातीची साउंड ब्लास्टर कारखान्यातून येताना आयआरक्यू ७ वर लावलेली असत, आणि ७ ही पहिल्या प्रिंटर पोर्टचीही तार. डॉसमधली छपाई बहुधा त्या तारेकडे बघतच नसे, म्हणून दोघांचं जमून जाई. जमलं नाही की कव्हर उघडायचं, कार्डावरची इवलीशी जंपरची टोपी चिमट्याने उचलून ७ वरून ५ वर ठेवायची. दोष हाताला लागत होता. टोपी इथून उचलली, तिथे ठेवली, आवाज आला.

या काळात ऑपरेटिंग सिस्टमला आवाजाशी देणंघेणं नव्हतं. प्रत्येक गेम आपल्याबरोबर प्रत्येक कार्डासाठीचा कोड घेऊन यायचा. सेटअपमध्ये कार्डांची यादी यायची आणि त्यात आपलं कार्ड शोधायचं. नसेल तर ‘साउंड ब्लास्टर’वर टिचकी मारायची. तैवानची, कॅलिफोर्नियाची, नाव नसलेली, सगळी स्वस्त कार्डं आपण साउंड ब्लास्टर आहोत असंच सांगत. धंद्याच्या दृष्टीने ते खोटं होतं, गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती सोय होती. एका दुकानदाराने आपल्या सोयीसाठी निवडलेले आकडे सगळ्या जगाचा अलिखित नियम झाले.

मायक्रोसॉफ्टने हा कारभार हातात घेतला १९९१-९२च्या सुमारास, विंडोज ३.० ला जोडलेल्या मल्टिमीडिया पुरवणीतून आणि मग विंडोज ३.१ मधून. आता प्रोग्रामने कार्डाची चौकशी करायची नाही. विंडोजला सांगायचं, हे वाजव. विंडोज ते ड्रायव्हरला सांगणार, आणि ड्रायव्हर लिहून द्यायचा तो कार्ड बनवणाऱ्याने. ही वाटणी शहाणपणाची होती यात शंका नाही. प्रत्येक गेमवाल्याने प्रत्येक कार्ड शिकण्याऐवजी प्रत्येक कार्डवाल्याने एकदा विंडोज शिकायचं. पण त्या दिवसापासून आवाजाची अर्धी जबाबदारी फ्लॉपीवर आणि पुढे सीडीवर राहायला गेली.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं. कार्डाने स्वतःची ओळख सांगावी, विंडोजने त्याला पत्ता आणि आयआरक्यू वाटून द्यावा, माणसाने मध्ये पडू नये, अशी नवी रीत आली. नवी कार्डं ती पाळत, जुनी पाळत नसत, आणि एका मशीनमध्ये दोन्ही असली की रामच. डिव्हाइस मॅनेजर आणि त्यातला पिवळा उद्गारचिन्हाचा ठिपका तेव्हापासूनचा. विंडोज सुरू होताना वाजणारा संगीतकार ब्रायन ईनो यांचा तो काही सेकंदांचा सूर म्हणजे तर फुकटात मिळालेली चाचणी. तो ऐकू आला की कार्ड, ड्रायव्हर, ॲम्प्लिफायर, वायर सगळं एका झटक्यात तपासून झालं. (तो आपण ॲपलच्या मॅकवर रचला, हे ईनो यांनीच पुढे सांगून टाकलं.)

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात आवाज आला तो याच सुमारास, ‘मल्टिमीडिया किट’च्या खोक्यातून : सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि दोन पांढुरके स्पीकर. सीडी ड्राइव्हच्या पाठीतून साउंड कार्डापर्यंत एक चार पिनांची बारीक वायर जोडावी लागे. ती विसरली तर विंडोजचे सगळे आवाज यायचे, गेमही बोलायचे, पण गाण्यांची सीडी मात्र मुकी फिरत राहायची. कारण सीडीतलं गाणं तेव्हा कॉम्प्युटरच्या मेंदूतून जातच नसे. ड्राइव्ह स्वतः ते वाजवी आणि त्या वायरीने सरळ कार्डाकडे पाठवी. अशा मशीनवर ड्रायव्हर दहा वेळा टाकला तरी उपयोग शून्य.

आणि आता ज्या वळणाने आजचा सगळा घोळ घातला, ते वळण. इंटेलने १९९७ च्या सुमारास एसी ’९७ नावाचा आराखडा पुढे आणला. त्यातला हिशेब साधा होता. प्रोसेसर आता इतके वेगवान झालेत की आवाज मिसळणं, त्याचा वेग बदलणं ही कामं वेगळ्या महागड्या चिपने कशाला करायची? प्रोसेसरच करील. मदरबोर्डावरच्या चिपसेटमध्ये एक छोटा कंट्रोलर ठेवायचा, पाच तारांनी त्याला कोडेक नावाची ४८ पायांची चिप जोडायची, आणि आकड्यांचं विजेत व विजेचं आकड्यांत रूपांतर एवढंच तिच्याकडे ठेवायचं. बाकी सगळं ड्रायव्हरमध्ये. कार्डाची खाच वाचली, कार्डाचे पैसे वाचले, आणि २००० नंतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जोडून मिळणाऱ्या पीसीत आवाज ‘फ्री’ झाला.

फुकट झाला खरा, पण त्याच्याबरोबर वस्तूतली अक्कल वस्तूबाहेर गेली. साउंड ब्लास्टर खिडकीतून फेकलं नाही तर ते घरातच राहायचं. एसी ’९७चा आवाज मात्र निम्म्याहून अधिक मदरबोर्डच्या सीडीत होता, आणि ती सीडी कुणी जपून ठेवत नाही. भरीला विंडोज एक्सपी. तो २५ ऑक्टोबर २००१ ला आला आणि आपल्याकडे पुढची दहा वर्षं मुक्कामाला राहिला. त्याच्या सीडीला २००१ पर्यंतचे चिपसेट माहीत. एमएससीआयटी या कॉम्प्युटर कोर्सच्या लाटेत घरोघर आलेले बहुतेक मदरबोर्ड त्यानंतरचे. म्हणजे ‘फॉर्मॅट मारला’ की आवाज जाणार, हे ठरलेलंच.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे वडील कीर्तनकार. त्यांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्या म्हणून सरांनी माळ्यावरचं २००२च्या बनावटीचं मशीन खाली काढलं. मधल्या काळात कुणीतरी ते फॉर्मॅट करून दिलं होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘नो ऑडिओ डिव्हाइस’. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या प्रश्नचिन्हाखाली ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’.

“सर, मदरबोर्डची सीडी असेल का हो?”

“कसली सीडी?”

“मशीन घेतलं तेव्हा खोक्यात आली असेल. निळसर पाकिटात असते बघा.”

सर जरा विचार करून म्हणाले, “ती होय! ती गॅलरीत टांगलीय. कबुतरं फार येतात हो.”

ऊनपाऊस खाऊन तिचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटला होता. अशा वेळी मशीनला त्याची जन्मपत्रिका विचारायची. पिवळ्या प्रश्नचिन्हाच्या नोंदीवर डबल क्लिक, मग ‘डिटेल्स’. तिथे एक लांबलचक ओळ निघते. त्यातला व्हीईएन नंतरचा आकडा बनवणाऱ्याचा, डीईव्ही नंतरचा वस्तूचा. इथे होतं ८०८६ आणि २४सी५. ८०८६ म्हणजे इंटेल. आपल्या १९७८च्या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडा इंटेलने ओळख क्रमांक म्हणून घेतला, हा त्यांचा विनोद. २४सी५ म्हणजे २००२ मध्ये आलेल्या चिपसेटमधला एसी ’९७ कंट्रोलर. इथपर्यंत येऊन पुष्कळ जण फसतात. हा आकडा कंट्रोलरचा आहे. कोडेक कुणाचा, ते या आकड्यांत नाही, आणि ड्रायव्हर तर कोडेक बनवणाऱ्याचा लागतो. इंटेलचा चिपसेट ड्रायव्हर टाकून ‘तरी आवाज येत नाही’ म्हणणाऱ्यांची सगळी गोची इथली.

म्हणून कॅबिनेट उघडलं. मागच्या रंगीत भोकांपासून दोन बोटांवर ती ४८ पायांची चौकोनी चिप असते. धूळ पुसली, टॉर्च तिरका धरला, आणि खेकडा दिसला. तैवानच्या रिअलटेकच्या चिपवर खेकड्याचं चित्र असतं. ते एकदा ओळखीचं झालं की नाव वाचायचीही गरज पडत नाही. या कंपनीने आपल्या सगळ्या एसी ’९७ कोडेकांसाठी एकच ड्रायव्हर ठेवला, हे तिचं मोठं पुण्य. दुसऱ्या मशीनवर तो उतरवला, पेनड्राइव्हने आणला, टाकला, मशीन पुन्हा सुरू केलं. पिवळा ठिपका गेला, मीटरवर हिरव्या पट्ट्या नाचायला लागल्या, आणि स्पीकरमधून काही नाही.

हा दोष ड्रायव्हरचा नव्हता. एसी ’९७च्या काळात कॅबिनेटच्या पुढच्या हेडफोन भोकासाठी बोर्डावर दहाच्या खाचेतल्या नऊ पिनांचा एक खुंटा असे. मागच्या स्पीकरला जाणारा आवाज तिथून फिरून येई, म्हणजे पुढे हेडफोन लावला की मागचा स्पीकर आपोआप तुटेल. पुढची वायर जोडायची नसेल तर ५ आणि ६, तसंच ९ आणि १० या पिनांवर दोन टोप्या घालाव्या लागत. सरांचं कॅबिनेट मध्ये कधीतरी बदललं होतं, टोप्या त्या वेळी निघाल्या आणि नव्या कॅबिनेटला पुढचं भोकच नव्हतं. आवाज त्या खुंट्यापर्यंत येऊन परत फिरत होता. दोन टोप्या मेलेल्या हार्ड डिस्कच्या पाठीवरून काढल्या. मापं सारखीच असतात. त्या बसवल्याबरोबर खोलीभर एक्सपी वाजला.

एसी ’९७च्या जागी इंटेलने २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ आणला. तो सगळ्याच बाजूंनी चांगला. कोडेकच्या प्रत्येक पिनेला आता स्वतःची नोंदवही : हे भोक मागे आहे की पुढे, हेडफोनचं की माइकचं, त्याचा रंग कोणता, इतकंही त्यात लिहिलेलं. भोकात पिन घुसली हेही कळतं. पण ती नोंदवही भरायची बायोस लिहिणाऱ्याने, आणि त्याने एक ओळ चुकवली की ड्रायव्हर निष्ठेने नसलेल्या भोकातून गाणं वाजवत बसतो. एक्सपीला तर ही जातच अनोळखी. त्याला आधी मायक्रोसॉफ्टची केबी ८८८१११ ही पुरवणी द्यावी लागे. ती टाकली नाही तर कोडेक आहे हेच त्याला दिसत नसे. आणि मशीनवर सर्व्हिस पॅक ३ असेल तर ती पुरवणी ‘तुमची सिस्टम माझ्यापेक्षा नवी आहे’ म्हणून बसायला नकार देई. मग तिच्या पोटातल्या फाइली सोडवून हाताने बसवायच्या. दुरुस्तीच्या दुकानांतल्या मुलांना आधारचा नंबर आठवणार नाही, पण तीन आठ आणि तीन एक आठवतात.

जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा लोकांच्या हाती पडलं. त्यात आवाजाची सगळी रचना नव्याने लिहिली होती, आणि त्यात साउंड कार्डाच्या चिपला थेट कामाला लावण्याचा गेमांचा रस्ता बंद झाला. हौसेने महाग कार्डं घेतलेल्यांचा तळतळाट झाला. २००८ मध्ये ब्राझीलच्या एका हौशी माणसाने क्रिएटिव्हचे व्हिस्टासाठीचे ड्रायव्हर स्वतः सुधारून वाटायला घेतले. कंपनीने त्याला जाहीरपणे थांबवलं, आणि गिऱ्हाइकं कंपनीवरच उलटली. जिच्या २२० या पत्त्यावर एकेकाळी सगळं जग नाक घासत होतं, तिच्याकडूनच लोक ड्रायव्हर मागत फिरत होते.

लिनक्समध्ये दुःख वेगळ्या चवीचं. फिनलंडच्या हन्नू सावोलाइनेन यांनी १९९२ मध्ये साउंड ब्लास्टरसाठी ड्रायव्हर लिहिला, त्यातून ओएसएस ही ध्वनिव्यवस्था उभी राहिली. मग चेक प्रोग्रामर यारोस्लाव्ह किसेला यांचं अल्सा आलं आणि २.६ कर्नलपासून तेच चालू झालं. ड्रायव्हर कर्नलमध्येच असल्यामुळे सीडी हरवायची भीती नाही. कबुतरांचं भय तिथे नाही. पण अल्साने बरीच वर्षं कार्ड मुकंच सुरू करायची सवय ठेवली होती. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा, पट्टीखाली ‘एमएम’ दिसतंय का बघा, एम दाबा, झालं. जुन्या मशीनवर हलकं लिनक्स टाकणाऱ्याने दुसरं काही करायच्या आधी हे करावं.

या सगळ्यातून खरी सुटका केली ती यूएसबीने. १९९८ पासून यूएसबीच्या नियमांत आवाजाची एक ठरलेली जात आहे. वस्तू स्वतःच सांगते, मी दोन वाहिन्यांचा स्पीकर आहे, मला इतक्या वेगाने आकडे चालतात. आणि विंडोजमध्ये त्या जातीचा एकच ड्रायव्हर आधीपासून असतो. सीडी नाही, खेकडा नाही, नोंदवही बायोसकडे नाही. अंगठ्याएवढं, दोन-तीनशे रुपयांचं डोंगल जुन्या एक्सपीत खुपसलं की ते काही सेकंदांत बोलायला लागतं. नुसती गाणी ऐकायची असतील तर मी कुणालाही तेच सांगतो : ड्रायव्हर शोधत रात्र घालवू नका.

सरांच्या नातवाचंही तेच म्हणणं होतं. “आजोबा, डोंगल घ्या ना, कशाला एवढी खटपट?” पण स्वस्त डोंगलात आवाज आत घ्यायला माइकचं एकच भोक, तेही एकेरी. टेपरेकॉर्डरच्या दोन वाहिन्या त्यात एक होतात, आणि माइकसाठी वाढवलेल्या पातळीत टेपचा आवाज फाटतो. जुन्या बोर्डाच्या मागे मात्र गुलाबी आणि हिरव्याच्या शेजारी तिसरं, निळं भोक आहे. लाइन-इन. हे तीन रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या ‘पीसी ९९’ नावाच्या नियमावलीतले. त्याआधी पत्र्यावर कोरलेली अक्षरं टॉर्च लावून वाचावी लागत. एक्सपीत निळ्या भोकातून घ्यायचं तर व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये ‘ऑप्शन्स’, ‘प्रॉपर्टीज’, ‘रेकॉर्डिंग’, आणि तिथे लाइन-इनवर खूण. ती माइकवर असते, म्हणून लोक तासभर शांतता रेकॉर्ड करतात.

खूण केली, टेप लावली, पट्ट्या हलल्या. आता सीडीच्या दर्जाने एक तासाचा आवाज ६०० एमबीच्या वर जातो. सरांची हार्ड डिस्क ४० जीबीची, तिच्यावर विंडोजही आहे, आणि कॅसेटी दोनशेहून जास्त आहेत.